जाड पॅकिंग

आमच्या घरात अकरा वर्षांपूर्वी अर्ध्या इंचाचा एक पाना हरवला. बाबा म्हणाले, दादाने हरवला. दादा म्हणाला, बाबांनीच कुठेतरी ठेवला आणि विसरले. एवढ्यावरून बापलेकाचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. लोक जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. चारचौघांत सांगायला तरी बरं पडतं. आम्ही पान्यावरून भांडलो. तो पाना अजून सापडलेला नाही, आणि आता सापडला तरी तो कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न आहेच.

बोलणं बंद म्हणजे संबंध बंद, असं मात्र नाही. तेवढा निश्चय आमच्याकडे कुणाच्यातच नाही. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, पण दोघांनाही रोज एकमेकांना काहीतरी सांगायचं असायचं, फक्त स्वतःच्या तोंडाने सांगायचं नसायचं. पहिले दोन महिने निरोप आईने पोचवले. ती शब्द न शब्द पोचवायची, त्यामुळे रोज आगडोंब. शेवटी मी म्हटलं, "आई, तू आगीत तेल ओततेस. दे ते काम इकडे." आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, "घे," म्हणाली आणि शब्दकोड्यात डोकं घातलं. ते अजून वर आलेलं नाही.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि घरात मला अजून छोटी म्हणतात. पोटासाठी मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात बसते. नळाला तीन दिवस पाणी नसलेला माणूस फोनवर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि मी वहीत लिहिते, ग्राहकाने तीव्र नाराजी व्यक्त केली. साहेब ती वही शांतपणे वाचतात, शांतपणे सही करतात आणि शांतपणे जेवायला जातात. बावीस वर्षं हे करून माझा हात इतका बसलाय, की शिवी कानावर पडली की आत कुठेतरी आपोआप तिचं कचेरीतलं भाषांतर सुरू होतं. हीच विद्या मी घरी वापरली.

मी वेगळी राहते, म्हणून बाबा रोज सकाळी सात वाजता मला फोन करायचे. "त्या ठोंब्याला सांग, ऑइल बदलायला आला नाहीस तर मी स्वतः गाडीखाली सरपटेन, आणि मेलो तर तुझ्या नावाने मरेन." मी दादाला सांगायचे, "बाबांना ऑइल बदलून हवंय. सवड झाली की ये." दादा म्हणायचा, "म्हाताऱ्याला सांग, गाडीखाली शिरलेले दिसले तर पाय धरून ओढून काढीन." मी बाबांना सांगायचे, "दादा म्हणतो, दगदग करू नका." बाबा विचारायचे, "एवढंच म्हणाला?" मी म्हणायचे, "एवढंच." "बरं," म्हणून ते फोन ठेवायचे. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी परदेशी पाहुण्यांसारखे वागत होते आणि त्याचं सगळं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला देत होते.

आता गाडीबद्दल सांगायला हवं, कारण पाना, भांडण आणि बाबा हे सगळं तिच्याभोवतीच फिरतं. गाडी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन, आगबोटीएवढं बॉनेट. घरात तिला आत्याबाई म्हणतात, कारण ती जागा फार अडवते, कुरकुर फार करते आणि तिला काही बोललेलं बाबांना खपत नाही. बाबांनी तीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवलं. दादा तिथेच शिकला आणि मग एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. तिथे गाडीला वायर लावतात आणि दुखणं काय ते कॉम्प्युटर सांगतो. बाबा त्याला वायरवाला म्हणतात. गॅरेज बंद झालं; मागच्या अंगणात पत्र्याची एक शेड उरली, आणि शेडमध्ये आत्याबाई.

तर आत्याबाई धूर ओकायला लागली. जुन्या गाड्यांची तपासणी असते, तीत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा नापास झाली की नंबर रद्द आणि गाडी थेट भंगारात, असं तपासणीच्या कागदावर लिहिलेलं होतं. तिसरी तारीख सोमवारची होती. बाबांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्या दिवसापासून संध्याकाळी गाडीवर कापड घालायचं सोडून दिलं. मी विचारलं तर म्हणाले, "भंगारात जाणाऱ्या माणसाला कोण पांघरूण घालतं?" मी म्हटलं, "बाबा, गाडी." म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

रोग काय हे बाबांना ठाऊक होतं. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला पाजणारी वस्तू. तिच्यातली झडप ज्या दांडीवर फिरते त्या दांडीची भोकं इतकी झिजली होती, की तिथून फुकटची हवा आत जायची. हवा जास्त झाली की इंजिन बंद पडतं. ते पडू नये म्हणून बाबा पेट्रोल वाढवत, आणि पेट्रोल वाढलं की धूर. उपाय एकच, कार्ब्युरेटर बदलणं. तसा दुसरा मिळत नव्हता. आणि याच मुहूर्तावर बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, पेट्रोलच्या वाफेजवळ तर फिरकायचंही नाही. बाबांना वाटलं डॉक्टर तपासणीवाल्यांना सामील आहे.

शनिवारी सकाळी मी आईबाबांकडे होते, तेव्हा दादा आला. पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या पोरासारखं काखेत धरून. न सांगता, थेट मागच्या दाराने शेडमध्ये. पंचा सोडला तर आत कार्ब्युरेटर.

"कुठे मिळाला?" मी विचारलं.

"सांग त्यांना, वर्कशॉपच्या अडगळीत पडला होता."

वहिनीकडून मला खरं ठाऊक होतं. सहा महिने हा माणूस सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्यांचे सांगाडे उपसत फिरला होता. मग त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती वस्तू तीन महिने उघडी पडली होती आणि सगळी माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत होती. पण निरोप म्हणजे निरोप. मी कार्ब्युरेटर उचलला आणि स्वयंपाकघरात नेला.

शेडपासून स्वयंपाकघरापर्यंत पंधरा पावलं आहेत. त्या दिवशी मी ती इतक्यांदा चालले, की मला अंगणातल्या फरशा तोंडपाठ आहेत. बाबा खिडकीशी काळा चष्मा लावून बसले होते, एखाद्या जुन्या नटासारखे, फक्त सही मागायला कुणी येत नव्हतं. आई शेजारी कोडं सोडवत होती. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून कार्ब्युरेटर ठेवला. बाबांनी तो बोटांनी चाचपला. झडप उघडली, मिटली. दांडी धरून हलवून पाहिली. ती हलली नाही.

"अडगळीत पडला होता म्हणे," मी म्हटलं.

"अडगळीत पडलेल्याच्या दांडीच्या भोकांत असे नवे बुश असतात? त्या लबाडाला सांग, हे काम मी केलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं, आणि म्हणून माझ्या पोटात दुखतंय. आणि म्हणावं, थापा मारायच्या तर जगाला मार. बापाच्या बोटांना अजून मोतीबिंदू झालेला नाही."

पंधरा पावलांत मी त्यातला लबाड काढला, थापा काढल्या, पोटदुखी काढली.

"दादा, बाबांना बरा वाटला."

दादाचे हात थांबले. "बरा?"

"बरा."

"अजून काही म्हणाले?"

"नाही."

"बरं," म्हणाला आणि बॉनेटमध्ये वाकला.

काम सुरू झालं. हवेच्या गाळणीचा मोठा डबा निघाला, पेट्रोलची नळी निघाली, चोकची तार निघाली. दादा निघालेली प्रत्येक वस्तू एका ओळीत ताटल्यांमध्ये ठेवत होता आणि ताटल्यांवर खडूने आकडे घालत होता. ही बाबांची पद्धत. कंपनीत असलं कुणी करत नाही, हे मी मुद्दाम बाबांना सांगायला हवं होतं, पण तो निरोप नव्हता, म्हणून सांगितला नाही. जुना कार्ब्युरेटर उतरला. खाली मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचं, तोंड उघडं पडलं, त्यात दादाने स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे एखादा नट आत पडून नवं पुराण सुरू व्हायला नको. सांध्यातून हवा जाऊ नये म्हणून घातलेलं जुनं, चिकटलेलं पॅकिंग तो पात्याने खरवडायला लागला तेवढ्यात खिडकीतून हाक आली. मी गेले.

"उतरवला ना? आता नीट ऐक," बाबा म्हणाले. "त्या गाढवाला सांग, एकदम आवळू नकोस. चाळीस वर्षांपूर्वी मीही असाच गाढव होतो. पहिल्यांदा हा उतरवला तेव्हा घाईघाईत पुढचा नट एकदम पिळला आणि मॅनिफोल्डचा पुढचा कोपरा खाली बसला. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिथे पातळ पॅकिंग चालत नाही, हवा जाते. जाड लागतं. मी हाताने कापून ठेवलंय, शेडमधल्या कपाटाच्या तिसऱ्या खणात. म्हणावं, गाढवाच्या पोटी गाढवच यायचं, पण निदान बापाने खाल्लेल्या लाथेवरून तरी शीक."

माझे कान सगळं ऐकत होते. डोक्याने मात्र दुसऱ्या गाढवाशीच वही मिटली होती. कचेरीत हेच होतं. माणूस शिव्यांवर आला की माझं पेन 'तीव्र नाराजी' लिहायला लागतं. पुढे तो बिचारा पत्ता सांगत असला तरी मी मान डोलावत असते.

"दादा, बाबा म्हणतात, नट जपून आवळ."

"मला शिकवतात," दादा म्हणाला. "पंचवीस वर्षं काय मी डबे आवळले?"

त्याने नव्या संचातलं पातळ, करकरीत पॅकिंग घातलं, वर कार्ब्युरेटर बसवला आणि नट जपूनच आवळले, एकदा हा पाव फेरा, एकदा तो पाव फेरा. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तार, नळी, डबा सगळं ताटल्यांच्या उलट क्रमाने परत गेलं. किल्ली फिरवली. आत्याबाई पहिल्याच फटक्यात उठली आणि किंचाळली.

रेस खाली येईना. दादाने पाय काढला तरी इंजिन आपलं आपण वर चढायचं, धपकन खाली यायचं, पुन्हा चढायचं, आणि मध्येच कार्ब्युरेटरच्या तोंडातून फट् करून खोकायचं. दादाने एक स्क्रू फिरवला, दुसरा फिरवला. काही नाही. त्याने गाडी बंद केली आणि सगळं पुन्हा उतरवलं.

त्या दिवशी ते तीनदा उतरलं आणि तीनदा चढलं. दादाने मॅनिफोल्डकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. त्याचा सगळा संशय स्वतःच्या कामावर. त्याने ती वस्तू बाकावर पूर्ण उघडली, केसाएवढी भोकं फुंकून पाहिली, स्वतःच बसवलेले बुश भिंगातून तपासले. जेवायला बोलावलं तर आला नाही. दर वेळी गाडी किंचाळली की त्याचा चेहरा आणखी उतरायचा आणि खिडकीत बाबा आणखी पुढे सरकून बसायचे. चार वाजता दादा पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसला आणि दोन्ही हात फडक्याला पुसत राहिला.

"सांग त्यांना, नाही जमलं माझ्याच्याने. जुनाच परत लावतो. सोमवारी काय व्हायचं ते होईल." मग म्हणाला, "आणि सांग, त्यांचं खरं होतं. मी वायरवालाच आहे."

वायरवाला हा शब्द त्याच्यापर्यंत मी कधी पोचवला नव्हता. तो त्याला पानाप्रकरणापासून, म्हणजे माझ्या आधीच्या काळापासून, पाठ होता. निरोप अगदी सभ्य होता. त्यात गाळण्यासारखं काही नव्हतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो पोचवावासा वाटेना.

स्वयंपाकघरात गेले तर मी तोंड उघडायच्या आधीच बाबा म्हणाले, "खालून हवा ओढतंय ते. सकाळपासून ऐकतोय. जाड पॅकिंग घातलंय ना त्याने?"

तिसरा खण, जाड पॅकिंग, चाळीस वर्षांपूर्वीचा कोपरा, सगळं एकदम जागच्या जागी आठवलं. "विचारून येते," म्हटलं आणि सटकले. पंधरा पावलांत मी एक तोड काढली. तोड काढण्यात माझा हातखंडा आहे, त्याबद्दल कचेरीत मला एकदा भिंतीवरचं घड्याळ मिळालंय.

"दादा, बाबा म्हणतात, जाड पॅकिंग घालून बघ. तिसऱ्या खणात आहे. पुढचा कोपरा बसलेला आहे म्हणे."

दादा उठला नाही. "आत्ता म्हणतात?"

"हो."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "सकाळपासून ठाऊक होतं आणि खिडकीत बसून गंमत बघत होते. मी तीनदा उतरवला. मला नापास करायचं होतं त्यांना. गाडी भंगारात गेली तरी चालेल, पण मी नापास व्हायला हवा." तो उठून हात धुवायला लागला. दादाने काम अर्धं टाकून हात धुतलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी गप्प बसले असते तर सगळं खापर बाबांच्या डोक्यावर फुटलं असतं, आणि ते फुटलं हे बाबांना कधी कळलंही नसतं, कारण कळवणारी मीच. इतकी सुरक्षित जागा सरकारी नोकरीतसुद्धा मिळत नाही. पण तो हात पुसून कोट अंगात घालत होता आणि सोमवार परवावर आला होता.

"दादा, त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. मी गाळलं."

"गाळलं म्हणजे?"

"शिव्या होत्या म्हणून."

"कसल्या शिव्या?"

आणि मग मी खाली मान घालून सगळं म्हणून दाखवलं, पहिल्या गाढवापासून लाथेपर्यंत. एक अक्षर सोडलं नाही. दादा कोटाची एक बाही घालून तसाच उभा राहिला.

"परत सांग."

परत सांगितलं.

"कोपरा त्यांनी बसवला? असं म्हणाले ते? स्वतःच्या तोंडाने?"

"हो."

"आणि स्वतःला गाढव म्हणाले?"

"दोनदा. एकदा थेट आणि एकदा ओघात."

दादाने कोट काढला आणि ती पंधरा पावलं स्वतः चालत गेला. मी मागे. अकरा वर्षांत तो स्वयंपाकघराच्या दारात आला नव्हता. बाबांनी काळा चष्मा आवाजाकडे वळवला.

"पाय पूस आधी," बाबा म्हणाले. "ऑइल आणलंयस सगळं आत."

दादाने पाय पुसले. "मॅनिफोल्डचा कोपरा तुम्ही बसवलात?"

"मग काय तुझ्या कॉम्प्युटरने? सकाळी सांगितलं ना."

"मला एवढंच आलं, नट जपून आवळ."

चष्मा माझ्याकडे वळला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारखा सगळ्या जागेवर होत्या.

"आणि सकाळी कार्ब्युरेटर बघून काय म्हणालात?" दादाने विचारलं.

"म्हटलं, लबाडा, मी केलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं. पोटात दुखतंय म्हटलं."

"मला आलं, बरा वाटला."

"बरा?" बाबांचा आवाज चढला. "त्या बुशना मी बरा म्हणेन?"

मग जे सुरू झालं ते तपासणीपेक्षा वाईट होतं. दोघांनी अकरा वर्षांची वही काढली. दादाचा पाय मोडला तेव्हा त्याच्याकडे "लवकर बरा हो" असा निरोप गेला होता, मूळ होता, "माकडा, शिडीवर चढायचं वय राहिलंय का? तुझं काही झालं तर मी कुणाशी भांडू?" बाबांना ताप आला तेव्हा दादाकडून "काळजी घ्या" आलं होतं, मूळ होतं, "म्हाताऱ्याला सांग, डॉक्टरकडे गेला नाहीत तर खुर्चीसकट उचलून नेईन, आणि मी दोन रात्री झोपलो नाहीये हे सांगू नकोस." ते तर मी सांगितलंच नव्हतं, दादाने नको म्हटलं होतं ना. एकेक निरोप निघत होता आणि दोघं एकदा एकमेकांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

शेवटी दादा खुर्ची ओढून बसला. "मला वाटलं, तुम्ही मला परका केलात. परक्या माणसाशीच कुणी इतकं गोड बोलतं."

"आणि मला वाटलं," बाबा म्हणाले, "की याला आता बापाचा राग येण्याइतकीसुद्धा किंमत राहिली नाही. रोज विचारायचो, एवढंच म्हणाला का."

मला रडू आलं. ते तिथे कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, म्हणून मी ओट्याकडे तोंड केलं. आईने कोड्यातून डोकं न काढता विचारलं, "छोटी, तू गाळत होतीस होय?"

"भांडण वाढू नये म्हणून गं."

"मी शिव्यांसकट पोचवत होते. दोन महिन्यांत दोघं इतके पेटले होते, की अजून आठ दिवसांत समोरासमोर येऊन मोकळे झाले असते." तिने एका चौकोनात अक्षर भरलं. "मग तू आलीस, तुझी कचेरी घेऊन."

मी ओट्यावरचं फडकं उचललं आणि कोरडाच ओटा पुसायला लागले.

पुढचं काम तासाभरात झालं. तिसऱ्या खणात, जुन्या तेलकट पाकिटात, हाताने कापलेली तीन जाड पॅकिंग होती. दादाने एक घातलं. बाबा खिडकीत उभे राहिले आणि अंगणावरून थेट ओरडायला लागले. मी मध्ये उभी राहून सवयीने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"पुढचा शेवटी. पुढचा शेवटी आवळ, गाढवा."

"शेवटीच आवळतोय. तुमच्यासारखा नाहीये मी."

"पाव फेरा."

"पावच देतोय. चष्म्यातून दिसतंय का तिथून?"

"ऐकू येतंय."

किल्ली फिरली. आत्याबाई उठली, जरा वर गेली, आणि दादाने स्क्रू फिरवल्यावर हळूहळू खाली आली. "अजून पाव. मागे. आता थोडा पुढे. थांब, हात काढ," बाबा म्हणाले. इंजिन इतकं शांत चाललं, की शेजारच्या घरातला नळ टपकलेला ऐकू यायला लागला. त्या नळाची तक्रार माझ्याकडे कधी आली नव्हती, एवढं मात्र लक्षात आलं. बाबा खिडकीची कड धरून तसेच उभे होते. मग म्हणाले, "संध्याकाळी कापड घाल रे तिच्यावर." दादाने घातलं.

सोमवारी आत्याबाई पास झाली. गाडी दादाने चालवली, बाबा शेजारी बसले, मी मागे. जाताना दोघं गिअर कधी बदलायचा यावरून भांडले आणि येताना पान्यावरून. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला नाही. मी चहा घेतला, सव्वासात वाजले. बाबांचा मोबाइल लावला, लागेना. दादाचा लावला, तोही लागेना. शेवटी घरचा फोन लावला, तो आईने उचलला.

"ते दोघं बोलतायत मोबाइलवर," आई म्हणाली. "पाऊण तास झाला. क्लचवरून एकमेकांचा उद्धार चाललाय. तुझं काही काम होतं?"

"बाबांना सांग," मी म्हटलं आणि थांबले.

"काय सांगू?"

मला काही सुचेना. अकरा वर्षं मी रोज बाबांशी बोलत होते, आणि त्यात माझं स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. बाबांनीही माझ्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. एक त्याच्याकडचं आणायचं, एक इकडचं न्यायचं, मध्ये छोटी. हे मला इतक्या उशिरा कळलं याचा मला स्वतःचाच राग आला.

"निरोप मी घेत नाही," आई म्हणाली. "यायचं तर ये."

कचेरी सुटल्यावर गेले. बाबांचे पंधरा दिवस त्याच दिवशी पुरे झाले होते. काळा चष्मा गेला होता आणि ते शेडमध्ये बॉनेटखाली कमरेपर्यंत आत होते.

"कोण, छोटी?" वर न बघता त्यांनी विचारलं. "काय म्हणतो तो?"

"त्याचं काही नाही, बाबा."

"मग?"

"काही नाही. मीच आले."

पाना पत्र्यावर ठेवल्यासारखा आवाज झाला. मग बाबा आतूनच म्हणाले, "आलीस तर नुसती उभी काय राहतेस, गाढवे? ती बॅटरी धर इकडे. तिकडे नाही, इकडे. अंधारात काय दिसणार मला?"

मी बॅटरी धरली. उजेड भलतीकडेच पडत होता, म्हणून त्यांनी मला आणखी दोनदा गाढव म्हटलं. मी मोजत होते.